भुताची अक्षरं काढणारी बोरू

भुताची अक्षरं खपतात ती हॅलोवीनच्या आसपास, वर्षातून फार तर एक महिना. मग उरलेलं वर्षभर ही मुलगी काय करणार, हा प्रश्न आईच्या डोक्यातून जाता जात नव्हता. भाजी चिरताना, कार्यालयात फायली लावताना, कपडे वाळत घालताना तो कुठूनही यायचा आणि आगंतुक पाहुण्यासारखा ठाण मांडून बसायचा. आई विमा कंपनीत नोकरीला होती. आग, चोरी, गाडीची धडक, नळ फुटून भिजलेलं घर. जगात काय काय वाईट होऊ शकतं, याचाच ती इतकी वर्षं पगार घेत आली होती. अशा बाईच्या पोटी भुतांवर पोट भरायला निघालेली मुलगी यावी, याला तिचा नवरा 'निसर्गाचा समतोल' म्हणायचा. आईला त्यात कसलाच समतोल दिसत नव्हता.

मुलीला सगळे बोरू म्हणत. नाव मामाने ठेवलेलं. लहानपणी ती खरंच बोरूसारखी होती. उभी राहिली की एक सरळ रेघ, आणि टोकाला कायम शाई. शाई नाकाला, शाई कोपराला, एकदा तर कानाच्या पाळीमागे. "ही लिहिते की शाईत डुंबते?" असं मामा विचारायचा, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, घराला लागूनच. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. वरचं अक्षर हाताएवढं मोठं, मग खालच्या ओळी बारीक बारीक होत गेलेल्या. इतर मुलं चित्रांच्या पुस्तकातून अक्षरं शिकतात, बोरू त्या तक्त्यावरून शिकली. वरचं अक्षर जवळ उभं आहे आणि खालची सगळी रुसून लांब चालली आहेत, असं तिला वाटायचं. एका दुपारी बाबा जेवायला घरात आले, तेवढ्यात तिने स्वतःचा तक्ता काढला आणि खऱ्या तक्त्यावर टाचण्यांनी लावून टाकला. कान्यांना नखं, वेलांट्यांना शेपट्या, अनुस्वाराच्या जागी बुबुळ. जेवणानंतरचं पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त पोस्टमन होते. ते खुर्चीत बसले, एक डोळा झाकला आणि गप्पच झाले.

"वाचा ना," भिंतीकडे पाठ करून भिंगं काढत बाबा म्हणाले.

"वाचतो हो, पण ते माझ्याकडे बघतंय."

बाबांनी भिंग बदललं. "आणि आता?"

"आता जास्त स्पष्ट बघतंय."

बाबा वळले, तक्ता पाहिला, आणि त्या दिवशी दुकानात हसण्यापलीकडे काही काम झालं नाही. आईला मात्र हसू आलं नाही. माणूस दचकून खुर्चीतून पडला असता तर? तिने बोरूला कान धरून माफी मागायला लावली. पोस्टमन म्हणाले, "अहो, राहू द्या. जन्मभर मी लोकांची अक्षरं बघितली. उलट माझ्याकडे बघणारं हे पहिलंच." आणि जाताना तो तक्ता मागून घेऊन गेले.

पुढे बोरूने छपाईचा डिप्लोमा केला आणि गावातल्या छापखान्यात तिला नोकरी लागली, तेव्हा आईने सुटकेचा निःश्वास सोडला. छापखान्याचे मालक, ज्यांना सगळे प्रेसवाले म्हणत, शांत आणि सरळमार्गी माणूस. तिथे अर्ज छापले जात, पावतीपुस्तकं, शाळांची प्रमाणपत्रं, दुकानांची बिलं. सरळ अक्षर, सरळ ओळ, सरळ नोकरी. खिडकीजवळची गादीची खुर्ची बोरूची होती. आई कधी तिकडून गेली, की रस्त्यावरून त्या खिडकीत वाकलेलं डोकं बघायची आणि तेवढ्यापुरती तिची काळजी मिटायची.

पण चांगल्या चाललेल्या गाडीला खीळ घालायला एक कप पुरतो. छापखान्यात चहाचे कप कुणी धुवायचं नाही. बेसिनमध्ये ढीग. प्रेसवाल्यांनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर स्वतः धुऊन सगळ्यांना लाजवायचा प्रयत्न केला. लाज कुणालाच वाटली नाही, उलट आता कप मालकच धुतात असा समज झाला. तेव्हा बोरूने एक पाटी केली: 'कप आपापले धुवा'. फक्त अक्षरं अशी काढली की शिरोरेषेला कुणीतरी लटकलंय आणि त्याचे लाल ओघळ भिंतीवरून थेट बेसिनमध्ये उतरताहेत. 'धु'च्या उकाराची बोटं नळाला धरून होती. त्या दिवसापासून कप चकाचक. एक मशीनवाला तर दुसऱ्यांचेही धुऊन ठेवायला लागला. उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणाला.

भेटवस्तूंच्या दुकानाची एक मालकीण बिलं छापून घ्यायला आली होती. हात धुवायला आत गेली आणि बाहेर येईना. प्रेसवाल्यांना वाटलं, बाईंना चक्कर आली. ती पाटीसमोर उभी होती. "हे कुणी काढलं? मला हॅलोवीनसाठी अशी अक्षरं हवीत. तोरणं, बाटल्यांची लेबलं, दारावरच्या पाट्या. बाजारात मिळतात ती सगळी एका साच्यातली असतात. मुलं हल्ली त्यांना भीत नाहीत, जांभया देतात."

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. बोरू रात्रंदिवस अक्षरं काढू लागली. तिच्या डिप्लोमाच्या वर्गातली एक मैत्रीण होती. कागद असा कापायची की कापलेलं कागदालाही कळू नये. तिला सगळे कात्री म्हणत, आणि तिची जीभही नावाला साजेशी होती. दोघींनी सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची एक खोली भाड्याने घेतली, एक जुनं कटिंग मशीन आणलं, आणि बोरूने छापखान्याची नोकरी सोडली. आईला तिने हे सांगितलं ते सोडून झाल्यावर.

"अगं, पण भुताची अक्षरं म्हणजे काही धंदा आहे का?" आई म्हणाली.

"विमा म्हणजे तरी काय गं? तुम्ही भीतीच विकता," बोरू म्हणाली. "मी निदान रंगीत विकते."

बाबा ताटावर हसले. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचा घास त्यांनी मुकाट्याने गिळला.

आई त्या खोलीत पहिल्यांदा डबा घेऊन गेली तेव्हा दारातच थबकली. छतापासून जमिनीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर काळ्या कागदातून कापलेले शब्द. अक्षरं वाळत घातल्यासारखी. शिरोरेषेमुळे शब्द आख्खा एकसंध कापता येतो, एकेक अक्षर सुटं ओवावं लागत नाही, हे बोरूने तिला पहिल्याच दिवशी कौतुकाने दाखवलं. "बघ, शब्द स्वतःच आपली दोरी घेऊन येतो." मग अक्षर कसं होतं ते दाखवलं. आधी पातळ कागदावर कुंचल्याने काढायचं, अनेकदा, जोवर ते जिवंत होत नाही तोवर. मग संगणकावर घ्यायचं. आणि एका अक्षराची तीन-चार रूपं करायची, कारण एका ओळीत दोन 'क' आले आणि दोघांचे ओघळ अगदी सारखे निघाले, तर बघणाऱ्याला लगेच कळतं की भूत नाही, साचा आहे.

"इतकं कोण बघतं?" आईने विचारलं.

"कुणी बघत नाही गं. पण भीती वाटत नाही, आणि का वाटत नाही ते त्यांना कळत नाही."

कात्री टेबलापाशी बसून बाटल्यांची लेबलं सोलत होती. 'चेटकिणीचं खोकल्याचं औषध. झोपताना दोन चमचे, उडताना एक.' तिने एक लेबल आईच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलं. "घ्या काकू, ऑफिसात न्या. तुमच्या साहेबांना द्या."

आई हसली, पण घरी येताना तिच्या डोक्यात ते जुनं मशीन, भिंतीची ओल आणि हॅलोवीननंतरचे रिकामे महिनेच होते.

आणि नेमके तेव्हाच प्रेसवाले चष्म्याचा नंबर तपासायला दुकानात आले. बाबा गिऱ्हाइकात होते. प्रेसवाले हळूच आईला म्हणाले, "वहिनी, तिची खुर्ची अजून रिकामीच आहे. तिच्यासारखा हात मला मिळत नाही. पण एक तारखेला मला कुणालातरी ठेवावंच लागेल, कामं अडली आहेत. तुम्ही एकदा तिला समजावा."

आईला वाटलं, बुडत्याला दोर मिळावा तसं झालं. "माझ्यावर सोडा. मी एक तारखेपर्यंत कळवते."

हे तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काही पटलं नाही की ते असं करत. "मुलगी तुझी, खुर्ची त्यांची, शब्द तू दिलास. त्या बिचारीला विचारलंस का?"

"विचारलं तर ती नाही म्हणेल."

"मग झालं की."

"काही झालं नाही," आई म्हणाली. "अहो, ती हो म्हणेल अशी वेळ आल्यावर खुर्ची राहिली नसेल. आपण काय करायचं तेव्हा?"

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

त्याच महिन्यात दोघींना पहिलं मोठं काम मिळालं. गावच्या वाचनालयाने हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलांसाठी तळघरात 'भुताचं तळघर' करायचं ठरवलं. जुन्या पुस्तकांची कपाटं, अरुंद वाटा, कोपरे, मंद दिवे. प्रत्येक पाटी, प्रत्येक लेबल, दारावरचं मोठं नाव बोरू आणि कात्री करणार. ग्रंथपालबाई मोजकंच बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या सगळ्या पाट्या पुढच्या वर्षभरात करायच्या आहेत. कपाटांच्या, दालनांच्या, जिन्यांच्या. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातले लोक त्या संध्याकाळी येतील. त्यांना तुमचं काम दिसू दे, मग मी शब्द टाकेन."

म्हणजे वर्षभराचं काम. ते मिळालं तर खोली राहणार, नाही तर हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत फक्त ओल राहणार. बोरूने हे आईला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते, आणि आई मनात दिवस मोजत होती. कारण हॅलोवीनच्या दुसऱ्याच दिवशी एक तारीख होती. आईने मनाशी ठरवलं: तळघर बघू, मंडळाचे चेहरे बघू, जरा कुठे काही बिनसतंय असं वाटलं, की त्याच रात्री बोरूला समोर बसवून खुर्चीचं सांगायचं.

तळघराची तयारी बघायला ती हॅलोवीनच्या आदल्या दुपारी अर्धी रजा टाकून गेली. दारावर नाव लागलं होतं. फक्त दोन शब्द: 'परत जा'. हातभर उंच अक्षरं, काळ्यावर पांढरी. 'प' असा वाकलेला की तो खांद्यावरून मागे बघतोय, आणि 'जा'चा काना दाराच्या चौकटीवरून खाली ओघळून उंबऱ्यापाशी साचलेला. आईच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि पाठोपाठ वाटलं, हे माझ्या पोरीने काढलंय. दोन्ही गोष्टी एकदम होतात हे तिला ठाऊक नव्हतं.

ग्रंथपालबाई पुढे, मागे आई, मागे बोरू आणि कात्री अशी वरात आत निघाली. कपाटांना लेबलं, बरण्यांना लेबलं, प्रत्येक वळणावर पाटी. सगळी त्याच अक्षरात. एका कोपऱ्यावर फार देखणी पाटी होती. ओघळ इतके नाजूक की शिंकलं तर तुटतील. आई तिच्यासमोर थांबली. मान तिरकी केली. 'ल'चं पोट कसं सुरेख फुगवलंय, असं मनात म्हणत तिने पाऊल टाकलं आणि धाडदिशी खाली गेली. तिथे पायरी होती.

"काकू!" कात्री ओरडली.

"काही नाही, काही नाही," आई फरशीवर बसूनच म्हणाली. गुडघा खरचटला होता, साडीला धूळ. ग्रंथपालबाईंच्या कपाळावर आठी आली. आईला गुडघ्यापेक्षा ती आठी जास्त लागली. तिने बोरूकडे पाहिलं. बोरू तिच्याकडे बघतच नव्हती. ती पाटीकडे बघत होती.

आईचा गुडघा फुटला आणि ही पाटी बघते! आई काही बोलणार, एवढ्यात बोरू खाली वाकली, तिचा हात धरून तिला उठवलं आणि विचारलं, "आई, तू ती पाटी वाचलीस?"

"वाचली कुठे? बघितली. छान होती."

"'खाली पायरी आहे' असं लिहिलंय."

आईने परत वर पाहिलं. आता सांगितल्यावर दिसत होतं. पायरी आहे म्हणून सांगायला लावलेली पाटी इतकी मन लावून काढली होती की तिच्याकडे बघता बघता ती त्याच पायरीवरून पडली होती.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ही एवढी बदलून टाका. बाकीच्या राहू देत. शोभून दिसताहेत."

"बाकीच्याही तशाच आहेत," बोरू म्हणाली. "जिना, बाहेरचा रस्ता, खाली वाकायची कमान. मी सगळ्या त्याच अक्षरात केल्या. मला थांबवेना. चूक माझी आहे."

आई चटकन म्हणाली, "चूक कसली? माझंच लक्ष नव्हतं! मी काय, सपाट रस्त्यावरही धडपडते. बाई म्हणताहेत ना राहू दे, मग राहू दे की. उद्या कार्यक्रम आहे. एवढ्या मेहनतीने केलंय सगळं." तिला दिसत होती ती खिडकीजवळची खुर्ची, मंडळातले लोक आणि हातातून निसटणारं वर्षभराचं काम. पोरीने स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली, तीही ग्रंथपालबाईंसमोर! विम्याच्या कार्यालयात हे वाक्य कुणी उच्चारत नाही. तिच्या टेबलाशी येणारा प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो: समोरच्या गाडीचं, शेजाऱ्याच्या नळाचं, वाऱ्याचं. 'चूक माझी' असं म्हणत आलेला माणूस तिला आठवेना.

"आई, तू मोठी आहेस, सावरलीस," बोरू म्हणाली. "उद्या चिल्लीपिल्ली येणार. घाबरलेली असणार, आम्हीच घाबरवलेली. दारावरच्या पाटीने हवं तेवढं घाबरवावं. पण पायरीच्या पाटीने हात धरायला हवा."

"वा!" कात्री म्हणाली. "हे भिंतीवर लिहू का? साध्या अक्षरात?"

"लिहू नकोस, काप," बोरू म्हणाली. "जाड, सरळ, पांढरी. शेपटी नाही, नखं नाहीत. जा, मशीन सुरू कर."

कात्री गेली. ग्रंथपालबाई वर निघून गेल्या. त्या रागावल्या की काय, हे आईला कळेना. मग बोरू स्टुलावर चढली. आईने टॉर्च धरला.

त्या पाट्यांवरची अक्षरं गाड्यांच्या नंबरपाटीवर असतात तशी, चिकट रेडियमची होती. रेडियम एकदा सोललं की परत लागत नाही. गोळा होऊन हातातच राहतं. बोरूने नखाने कोपरा उचलला आणि 'पायरी' ओढली. नाजूक ओघळ ताणले, तुटले, एकमेकांना चिकटले. मग 'आहे'. पाटीवरून काढलेल्या शब्दाचा लिंबाएवढा गोळा झाला, तो तिने आईच्या हातात दिला आणि स्टूल पुढच्या कोपऱ्याकडे सरकवलं. टॉर्चच्या उजेडात आईला प्रथमच दिसलं की एकही ओघळ दुसऱ्यासारखा नव्हता. ज्या पाटीकडे कुणी दोन क्षणांपेक्षा जास्त बघणार नाही, तिथेही बोरूने प्रत्येक 'र'ला वेगळी बोटं दिली होती. आणि आता ती ते सगळं सोलत होती. न रडता, न कुरकुरता, न आईकडे बघता, कांदा सोलावा तसं.

"वाईट वाटतं का गं?" आईने विचारलं.

"वाटतं ना," वरूनच उत्तर आलं. "उजेड जरा डावीकडे धर."

आईने उजेड डावीकडे धरला. नाटकात बक्षीस घेणारी मुलगी, पहिला नंबर काढणारी मुलगी, यांच्या आयांना अभिमान वाटतो तो तिने पुष्कळदा पाहिला होता. तो टाळ्यांसोबत येतो. हा तळघरात, धुळीत, हातात चिकट गोळे घेऊन आला. आपली मुलगी केवळ अक्षरं काढत नाही, ती काढलेली अक्षरं पुसूही शकते, हे बघून आईची छाती इतकी भरून आली की तिला टॉर्च खाली ठेवून नाक पुसावं लागलं.

"आई, अंधार!"

"अगं हो, धूळ आहे इथे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. 'परत जा' बघून मुलं किंचाळत मागे पळत आणि मग एकमेकांना ढकलत आत शिरत. बाबा दुकान बंद करून आले होते. दारावरची पाटी बघून ते तीनदा परत गेले आणि तीनदा आत आले, मुलं हसावीत म्हणून. आई पायरीपाशी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला तिथून हलवेना. वर आता जाड, सरळ, पांढऱ्या अक्षरांतली तीन शब्दांची पाटी होती: 'खाली पायरी आहे'. सोंग नाही, नखरा नाही. भुतांच्या गर्दीत ती पाटी एखाद्या शहाण्या मावशीसारखी दिसत होती.

एक छोटी मुलगी आपल्या आजोबांचा हात धरून आली. आजोबांना अंधारात दिसत नव्हतं, आणि मुलीचे डोळे भीतीने बशीएवढे झाले होते. ती पाटीसमोर थांबली, एकेक शब्द लावून वाचला आणि मागे वळून एकदम मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आजोबा, जपून. इथे पायरी आहे. मी वाचलं." मग दोघं उतरले आणि पुढच्या कोपऱ्यावर दोघंही किंचाळले.

एका मागून एक मुलं तशीच उतरत गेली. कुणीही पडलं नाही. मंडळातले लोकही आले. एकाने 'परत जा'चा फोटो काढला, दुसऱ्याने घड्याळ बघितलं, तिसरे नुसतेच हूं हूं करत बाहेर पडले. त्यांच्या चेहऱ्यांवरून काही म्हणता काही कळत नव्हतं. शेवटी ग्रंथपालबाई बोरूकडे आल्या. आई जवळच होती.

"मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मंडळातल्या दोघांना स्वस्तातलं काम हवंय. मी माझं मत मांडेन. वचन देत नाही."

"चालेल," बोरू म्हणाली.

कात्री तिच्या कानाशी पुटपुटली, "काय चालेल? मला नाही चालणार!"

"मग तू बैठकीला जा आणि मंडळाचे केस काप," बोरू म्हणाली, आणि दोघी तिथेच खाली बसून हसत सुटल्या. दोघी दमल्या होत्या, धुळीने माखल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्याचा पत्ता नव्हता. आईने आपल्या मुलीकडे नीट पाहिलं. एवढी सरळ रेघ तिने छापखान्याच्या खिडकीत कधी पाहिली नव्हती.

सकाळी बोरू अजून झोपलेली होती. आई चहा ओतून कप समोर घेऊन बसली. बाबा वर्तमानपत्र आणायला बाहेर निघता निघता थांबले.

"आज एक तारीख," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"सांगणार आहे की खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. मी तिला समजावणार नाही."

बाबांनी चष्मा काढला. पुसायला नव्हे, नुसताच काढला आणि तिच्याकडे बघत राहिले. "अगं, मंडळाचा निकाल तरी लागू दे. काम मिळालं नाही तर? तूच विचारायचीस ना, काय करायचं तेव्हा?"

"तेच तर," आई म्हणाली. "काम मिळाल्यावर फोन केला, तर मी त्या मंडळावर विश्वास ठेवला असं होईल. मला पोरीवर ठेवायचाय."

"आणि तुझी काळजी?"

"ती राहील की. ती कुठे जाते? काम मिळालं नाही तर त्या दोघी दारोदार हिंडतील, मी डबे पोचवीन आणि रात्रभर जागी राहीन. पण तिच्या पाठीमागे खुर्ची धरून उभी राहणार नाही."

बाबांनी आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं, बोरूची झोप मोडू नये म्हणून, आणि वर्तमानपत्राला न जाता तिच्यासमोर बसले.

आईने फोन हातात घेतला. प्रेसवाले भला माणूस, त्यांना वाईट वाटेल. इतके दिवस अडकवून ठेवल्याबद्दल त्यांची माफीही मागायला हवी. काय बोलायचं ते तिने एकदा मनात म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा म्हणायला लागली आणि मग राहू दिलं. छापखाना उघडायची वेळ झाली होती. तिने नंबर शोधला आणि बटण दाबलं.